मदत हवी आहे : एकाच माजघरात ४ मांजरपिल्ले आणि ११ कोंबडीची पिल्ले

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्यावरील एका लहान गावात राहते. घरी भातशेती, दोन म्हशी आणि वीसेक गावठी कोंबड्या आहेत. कोंबड्यांचे सगळे मला माहेरापासून ठाऊक आहे. मांजरे मात्र आजवर घरात येऊन-जाऊन असत, त्यांची पिल्ले हातावर वाढवण्याची वेळ कधी आली नव्हती. सध्या दोघांचीही पिल्ले एकाच माजघरात आहेत. त्यांना एकमेकांपासून आणि एकमेकांच्या आजारांपासून कसे जपावे, हे अनुभवी लोकांना विचारण्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गोठ्यावरच्या माळ्यात, पेंढ्यामध्ये, मांजरीची चार पिल्ले सापडली. त्यांची आई आदल्या दिवशी रस्त्यावर गाडीखाली गेली होती. पिल्लांचे डोळे नुकतेच किलकिले होत होते, म्हणजे ती आठ-दहा दिवसांची असावीत. सुरुवातीचे दोन दिवस मी त्यांना गाईचे दूध पाणी घालून दिले आणि चौघांनाही हगवण लागली. बेळगावच्या पशुवैद्यांनी ते ताबडतोब बंद करून मांजरपिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी द्यायला सांगितली. पिल्लाला उताणे न धरता पोटावर ठेवूनच पाजावे, नाहीतर दूध फुप्फुसात जाते, आणि प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या मऊ कापडाने पुसून त्याला शू-शी करवावी, हेही त्यांनीच शिकवले. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हे सगळे करावे लागले. वीज गेली की गरम पाण्याची बाटली आत्यांच्या जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिल्लांच्या कुशीत ठेवत असे. (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे तसेच म्हणतात.) वाणसामानाच्या काट्यावर रोज वजन करून वहीत लिहीत गेले आणि दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ दिसली की जीव भांड्यात पडत असे. आता ती सात आठवड्यांची आहेत, तिघे साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे आहेत आणि धाकटी पाचशेवर अडकली आहे. ती आमच्याकडे कायमची राहायची नाहीत. चांगली घरे मिळेपर्यंतच त्यांचा सांभाळ करायचा, असे घरात पहिल्याच दिवशी ठरले आहे.

आता कोंबडीविषयी. मे महिन्याच्या अखेरीस एक कोंबडी खुडूक झाली म्हणून तिच्याखाली १३ अंडी ठेवली. आठव्या रात्री बॅटरीच्या उजेडात पाहिली तेव्हा दोन वांझ निघाली, आणि एकविसाव्या दिवशी उरलेल्या अकराही अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. त्याच आठवड्यात पावसाने असा जोर धरला की खुराड्याच्या जमिनीला पाझर फुटला. ओल्या जागेत पिल्ले जगत नाहीत, म्हणून कोंबडीला पिल्लांसह डालग्यातून माजघरात आणले. चुलीच्या भिंतीमुळे घरात तेवढी एकच खोली कोरडी आणि उबदार असते. साहजिकच मांजरपिल्लांची पेटीही तिथेच होती.

सुरुवातीला काहीच अडचण आली नाही, कारण मांजरपिल्लांना पेटीबाहेर धड चालता येत नव्हते. मग एके दिवशी टिपक्या नावाचे पिल्लू डालग्याजवळ गेले आणि कोंबडीने पिसे फुलवून त्याच्यावर झडप घातली. डोळ्याच्या अगदी खाली चोच लागली. डोळा वाचला, पण जखम भरायला आठ दिवस गेले. त्यानंतर मागच्या सोमवारी कोंबडी परसात गेली असताना त्याच टिपक्याने कोंबडीचे एक पिल्लू पंजाखाली दाबून धरले. मी शेजारीच होते म्हणून ते सुटले. दोन्ही वेळा चूक कुणाचीच नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अर्थात हीच, की ही दोन कुटुंबे एका खोलीत आणखी तीन-चार आठवडे कशी ठेवावीत. खोली बदलणे शक्य नाही, कारण सोप्यात पाऊस आत येतो आणि वरच्या माळ्यावर उंदरांसाठी औषध ठेवलेले आहे.

दुसरी गोष्ट आजाराची आहे. गेल्या आठवड्यात कोंबडीच्या दोन पिल्लांना रक्ती हगवण लागली. आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यातून मिळालेले औषध पाण्यातून पाच दिवस दिले आणि तुसाची गादी संपूर्ण बदलली, तेव्हा ती सावरली. नेमक्या त्याच दिवसांत धाकट्या मांजरीलाही पातळ शी होऊ लागली. शेजारच्या अक्का कन्नड बोलतात. ‘कोळी’चा रोग ‘बेक्किन मरी’ला, म्हणजे कोंबडीचा रोग मांजराच्या पिल्लाला, लागला आहे, तेव्हा मांजरे लगेच बाहेर सोडून द्या, असे त्या कळकळीने सांगून गेल्या. त्या गोष्टीत तथ्य आहे का? भाद्रपदात माझी नणंद बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे, त्यामुळे मांजरांच्या शीमुळे गर्भवतीला अपाय होतो असे जे ऐकले जाते, त्याविषयीही नीट समजून घ्यायचे आहे.

तिसरी गोष्ट कोंबड्यांच्या उवांची. मोठ्या कोंबड्यांच्या पंखांखाली उवा झाल्या आहेत. गुरांच्या गोचिडांसाठी वापरतात ते औषध पाण्यात मिसळून फवारा, असे एकांनी सुचवले आहे. माजघरातली फरशी मी रोज फिनाईलने पुसते. ह्या दोन्ही गोष्टी मांजरपिल्लांच्या जवळपास चालतील का?

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, मी गेली बारा वर्षे गावठी आणि गिरिराज अशा दोन्ही कोंबड्या पाळतो, त्यामुळे कोंबड्यांपुरते खात्रीने सांगतो. तुमची कोंबडी जे करते आहे ते तिने केलेच पाहिजे. गिरिराजसारख्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूकच होत नाहीत, आणि गावठी कोंबडी मात्र पिल्लांसाठी घारीच्याही अंगावर जाते. तिला दटावण्यात अर्थ नाही. खोलीचा एक कोपरा अर्ध्या इंचाच्या जाळीने जमिनीपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत अडवा, आणि वरूनही बंद करा. कोंबडीखुराड्याची नेहमीची मोठ्या भोकांची जाळी वापरू नका, कारण तिच्यातून मांजराचा पंजा आत जातो आणि पिल्लू जाळीला टेकून झोपले असेल तर मुंडी धरली जाते. जाळीच्या तळाशी वीतभर उंचीची फळी लावा, म्हणजे तूसही बाहेर सांडणार नाही.

पिल्ले आठ आठवड्यांची होऊन तलंगांसारखी, म्हणजे तरुण कोंबड्यांसारखी, दिसू लागली की लहान मांजर त्यांच्या वाटेला सहसा जात नाही. तोपर्यंत, तुम्ही खोलीत असलात तरी, त्यांना एकत्र मोकळे सोडू नका. लासोटा ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पहिल्या आठवड्यात दिली असेल असे धरतो. आठव्या आठवड्यात मानमोडीची टोचायची लसही चुकवू नका. तिची कुपी शंभर मात्रांची येते आणि एकदा पाण्यात कालवली की दीड-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आम्ही गल्लीतील पाच-सहा घरांच्या कोंबड्या एकाच दिवशी गोळा करतो आणि कुपी थर्मासमध्ये बर्फात घालून आणतो.

उवांसाठी फवारणी सोडा. चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती एका घमेल्यात भरून परसात आडोशाला ठेवा. कोंबड्या तिच्यात स्वतःच लोळून अंग साफ करतात. खुराड्याच्या फळ्यांच्या सांध्यांवर उकळते पाणी ओता. पावसाळ्यात कोरडी माती मिळत नाही ही खरी अडचण आहे, म्हणून मी ती एप्रिलमध्येच दोन पोती भरून ठेवतो.

प्रतिसाद, टिळकवाडी, बेळगाव

ताई, सर्वांत आधी फिनाईल आजच बंद करा. ते औषध मांजराच्या यकृताला पचवता येत नाही आणि फरशीवर चालून पंजे चाटले तरी ते पोटात जाते. साबण आणि गरम पाणी पुरेसे आहे. गोचिडांच्या औषधांविषयी तर हात जोडून सांगते, की ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘मेथ्रिन’ येते ती मांजरांसाठी घातक आहेत. फवारलेल्या कोंबडीला घासून गेले तरी पिल्लाला झटके येऊ शकतात. माणसांची पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा मांजराला देऊ नये, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा, कारण ताप आला की कुणीतरी मायेने देते. माळ्यावरचे उंदरांचे औषधही शक्य असेल तर काढून टाका; ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर विष त्याच्याही पोटात जाते.

आजाराचे उत्तर असे की रक्ती हगवणीचे जंतू ज्या त्या प्राण्याचे वेगळे असतात. कोंबडीचे मांजराला लागत नाहीत आणि मांजराचे कोंबडीला लागत नाहीत. त्यामुळे अक्कांची शंका त्या रोगापुरती खरी नाही. पण साल्मोनेला मात्र कोंबडी, मांजर आणि माणूस ह्या तिघांनाही होतो, म्हणून तुसाला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मांजराची वाटी भरू नका. धाकटीची पातळ शी बहुधा जंतांमुळे असेल. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी वजनानुसार जंताचे औषध द्यायचे असते. ते झाले आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. शीचा ताजा नमुना डबीत घालून दवाखान्यात न्या, म्हणजे अंदाजाने औषध द्यावे लागणार नाही.

नणंदबाईंविषयी : मांजराच्या शीतून पसरणारा जंतू बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगा होतो. म्हणून रेतीचे घमेले रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ करावे, पिल्लांना कच्चे मांस देऊ नये आणि त्यांना उंदीर मारू देऊ नये. एवढे पाळले तर मांजरांना घराबाहेर काढण्याची गरज नसते. त्या घमेल्यात कोंबड्याही उकरणार नाहीत असे पाहा. आणखी एक. कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य मांजराच्या तोंडाला लागू देऊ नका, कारण त्यात बहुधा हगवणीविरुद्धचे औषध मिसळलेले असते. १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये सॅलिनोमायसिन हे कोंबड्यांचे औषध चुकून मांजरांच्या खाद्यात मिसळले गेले आणि शेकडो मांजरांचे पाय लुळे पडले होते.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. तुम्ही पिल्लांना कशाने खेळवता?

मूळ लेखिकेचा प्रतिसाद, नऊ दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. टिळकवाडीच्या ताईंचा शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आमची मुले टिपक्याला सुतळीला बांधलेल्या कोंबडीच्या पिसाने खेळवत असत. पीस थरथरले की त्याने झेप घ्यायची, आणि सगळ्यांना त्याचे कौतुक वाटायचे. आता ती पिसे काढून टाकली आहेत आणि त्यांच्या जागी चिंध्यांचा चेंडू आला आहे. खेळवण्याआधी पोटभर उकडलेला बांगडा, काटे काढून, भाताबरोबर कालवून देते, त्यामुळे पिल्ले खेळून झाल्यावर लगेच झोपतात.

जाळी खानापुरात मिळाली नाही. सुमारे २५ किलोमीटरवरच्या बेळगावहून ह्यांनी आणली. फळी मात्र जुन्या दाराची वापरली. पहिले दोन दिवस टिपक्या जाळीपुढे दबा धरून बसत असे आणि कोंबडी आतून पिसे फुलवून उभी राहत असे. तिसऱ्या दिवसापासून कोंबडी त्याच्याकडे पाठ करून बसू लागली. हे पाहून आत्यांनी माझ्या हातातली वजनाची वही घेतली आणि त्या दिवसापासून काट्यावर पिल्लू त्याच ठेवतात.

धाकटीच्या शीत जंतच निघाले. औषधानंतर तिचे वजन आठ दिवसांत ८० ग्रॅमने वाढले. तिघांना पुढच्या आठवड्यात तिहेरी लसीचा पहिला डोस देणार आहोत. भुरी आणि काळू ह्यांना बेळगावच्या शहापुरात एका घरात एकत्र नेणार आहेत. त्यांच्याकडे कोंबड्या नाहीत आणि वेळ झाली की दोघांची नसबंदी करण्याचे त्यांनी मान्य केले आहे. धाकटी अंगाने भरेपर्यंत इथेच राहील.

राहिला टिपक्या. त्याला मागणारे एकच घर आहे, आमच्याच गावात, आणि त्यांच्या परसात चाळीस कोंबड्या मोकळ्या फिरतात. भाताच्या कणगीत उंदीर फार झाले म्हणून त्यांना मांजर हवे आहे. इतक्या लहान वयात ज्याने एकदा कोंबडीच्या पिल्लावर पंजा ठेवला आहे, असे मांजर त्या घरात द्यावे का, की कोंबड्या नसलेले घर मिळेपर्यंत, नणंद आली तरी, त्याला इथेच ठेवावे? ज्यांनी अशा मांजराला मोठे होताना पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे. मला त्या घराला रविवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे.