फिट येऊन गेल्यावर पुढचा दिवस कसा काढता?

भावाला परवा पहाटे फिट आली, २ मिनिटांत थांबली पण नंतर दिवसभर झोपूनच, अंग ठेचल्यासारखं दुखतंय म्हणतो, जीभ कडेला चावली गेलीये त्यामुळे आमटीसुद्धा झोंबते आणि चिडचिड खूप. नॉर्मल आहे का हे? आई कांदा हुंगवत होती.

खारूताई: हो, मला १४ वर्षं आहे हे. मेंदू आणि स्नायू दोन्ही दमतात, झोपू दे त्याला, सारखं उठवून विचारू नका. गार ताकभात दे, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. हात वर होत नसेल तर मात्र एक्स-रे काढा, माझा खांदा निखळलेला आणि आम्ही २ दिवस बाम चोळत बसलो.

रात्रपाळी: कांदा, चप्पल काही नको, तोंडात चमचा तर अजिबात नाही. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, ५ मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आत परत आली तर सरळ हॉस्पिटल. गोळी चुकली होती का?

प्रश्नकर्ती: हो, लग्नाच्या गडबडीत २ डोस राहिले आणि जागरणही झालं.

रात्रपाळी: मग बहुतेक तेच. डॉक्टरांना आजच फोन करा, राहिलेल्या गोळ्या मनानेच एकदम देऊ नका. आणि ते हो म्हणेपर्यंत बाइकची चावी तुझ्याकडे ठेव.