पुण्यानुमोदन : यातलं ‘अनुमोदन’ कुठलं?

(चौघांच्या गप्पा; प्रत्येकाचं नाव गावावरून.)

गुहागर : गेल्या आठवड्यात वाडीतल्या एका घरून पत्रिका आली, ‘जलदान विधी व पुण्यानुमोदन’, म्हणजे बौद्ध घरात माणूस गेल्यावरचा कार्यक्रम. शब्द लहानपणापासून बघतोय, पण या वेळी अडकलो. ग्रामसभेत ठरावाला एक सूचक असतो, एक अनुमोदक. मग गेलेल्या माणसाच्या पुण्याला अनुमोदन कसं द्यायचं? हात वर करून?

महाड : ग्रामसभेनं शब्दातला जीव काढून घेतलाय. धातू मुद्, आनंद होणे. मोद, प्रमोद, मुदिता, झालंच तर उकडीचा मोदकसुद्धा याच घरातला. अनु म्हणजे मागोमाग. दुसऱ्यानं काही चांगलं केलं आणि ते बघून आपल्यालाही बरं वाटलं, तर ते अनुमोदन. पाली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा, तिच्या परंपरेत पुण्याच्या १० कृती सांगतात. दान, शील, भावना (म्हणजे ध्यान) यांच्या जोडीला त्यात ‘पत्तिदान’ आणि ‘पत्तानुमोदना’ आहेत. घरचे भिक्खूंना भोजन देतात, चीवर म्हणजे त्यांचं वस्त्र देतात आणि त्या पुण्याचा वाटा गेलेल्याच्या नावे करतात, हे पत्तिदान. त्यात आनंद मानणं ही पत्तानुमोदना. ज्याच्या खिशात दमडी नाही त्यालाही हे जमतं.

मालवण : म्हणजे दुसऱ्यान दान केल्यान तर आपल्या पोटात दुखूक नको, इतक्याच? आमच्या गावात ह्याच सगळ्यात कठीण.

रोहा : पोटदुखीवरून ‘मत्सर’ आठवला. आपल्याकडे मत्सर म्हणजे दुसऱ्याचं भलं न बघवणं. पालीतलं ‘मच्छरिय’ मात्र कंजूषपणा, आपलं दुसऱ्याला न देववणं. आपल्या मत्सराला तिथे ‘इस्सा’ म्हणतात, म्हणजे ईर्षा. मच्छरियं ५ सांगितलीत, त्यातलं धम्ममच्छरिय मला फार ओळखीचं वाटतं : जे येतं ते हातचं राखून शिकवायचं. कलमं बांधायला शिकवताना ऐन गाठीच्या वेळी पाठ फिरवणारे आमच्याकडे होते.

महाड : ‘देय’चंही तसंच. आज हा शब्द भेटतो वीजबिलावर, ‘देय रक्कम’, म्हणजे नाही भरली तर दिवे जातील. कुड्याच्या जुन्या बौद्ध लेण्यांत, राजपुरीच्या खाडीकडे, दगडात ‘देयधम’ कोरलंय. अर्थ : दिलेलं दान. देणारे सगळे राजघराण्यातले नाहीत. त्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. माळी म्हणजे फुलांच्या माळा विकणारा, त्यानं लेणं दिलं! मी दर वेळी त्या ओळीशी थांबतो.

गुहागर : पण दानातला आनंद हा नेमका दिल्यावरचा ना?

महाड : नुसता दिल्यावरचा नाही. अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, तिन्ही वेळा सांगितल्यात : ‘पुब्बेव दाना सुमनो, ददं चित्तं पसादये, दत्वा अत्तमनो होति’. देण्याआधी मन आनंदी, देताना चित्त प्रसन्न, दिल्यावर समाधान. यातलं तिसरं अवघड. दिल्यावर ‘एवढं कशाला दिलं’ म्हणून रात्री कूस बदलणारे आपण.

मालवण : कार्यक्रमाक गेल्लास की नाय?

गुहागर : गेलो होतो. खळ्यात मांडव, समोर ताटात वाटी. तांब्यातून पाणी बारीक धारेनं वाटीत पडत होतं, वाटी भरली तरी थांबले नाहीत, पाणी काठावरून ताटात आलं. तोंडानं ‘यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं’. भरलेल्या नद्या समुद्र भरतात, तसं इथे दिलेलं गेलेल्यांना पोचतं, असा अर्थ सांगितला.

मालवण : वारिवहा ऐकलंय की माका व्हाळच दिसता. व्युत्पत्ती नाय सांगणय हां. पण आषाढात डोंगरावरचा पाणी खाडयेत कसा जाता ता आमका कोणी शिकवूक नको.

रोहा : आणि शेवटी सगळे तीनदा ‘साधु’ म्हणाले असतील. तेच तुमचं अनुमोदन. हात वर करायचा नसतो, तोंडानं म्हणायचं असतं.

गुहागर : म्हणाले. मी मागे कनातीशी उभा राहून मोबाईल बघत होतो.