प्रतिसाद: गँट चार्ट पुरेसा नाही
घराच्या बांधकामाचं वेळापत्रक आखायला एक्सेलमधला गँट चार्ट (कामं आणि त्यांच्या तारखा आडव्या पट्ट्यांत दाखवणारा तक्ता) पुरतो असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. तारखांपुरता पुरतो, पण कुठलं काम कशामुळे अडेल हे त्यात चटकन दिसत नाही. त्यासाठी क्रिटिकल पाथ काढाच, म्हणजे एकही काम लांबलं तर सगळं बांधकाम लांबेल अशी एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची साखळी. १९५७च्या सुमारास ड्यूपाँ या अमेरिकन रसायन कंपनीत तयार झालेली ही पद्धत घराच्या बांधकामालाही चालते. आमच्या स्लॅबची सळई बांधून झाली, काँक्रीटची गाडी ठरली, आणि इलेक्ट्रिशियनचे पाइप टाकायचेच राहिले होते! चार दिवस गेले. पुढे पाणी मारायचे दिवसही कमी करता येत नाहीत. साध्या सिमेंटला किमान ७, पीपीसीला (राख वगैरे मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटला) १०. कंपाउंडची भिंत मात्र आठवडाभर रखडली तरी चालली, कारण ती या साखळीत नव्हती. तेव्हापासून रोज संध्याकाळी मिस्त्रींना मी एकच विचारायचो, उद्याचं काम कशावाचून अडेल?