क्रिकेटमधून बेसबॉलच्या आऊटफिल्डला: मागचा फ्लाय बॉल आणि वळणारा थ्रो

खारघर_राइटफिल्ड
खारघरला क्रिकेट सोडून आलेली चार-पाच मुलं बेसबॉलची आऊटफिल्ड (बेसच्या पलीकडच्या मैदानातली फिल्डिंग) शिकताहेत. डोक्यावरून जाणारा फ्लाय बॉल (हवेत उंच मारलेला चेंडू) सुटतो आणि राइट फिल्डमधून, म्हणजे आऊटफिल्डच्या उजव्या भागातून, तिसऱ्या बेसकडे (रनरने क्रमाने गाठायच्या ठिकाणांपैकी तिसऱ्याकडे) केलेला थ्रो वाटेत वळतो. सगळ्यांना इचिरो सुझुकी, म्हणजे राइट फिल्डमधल्या फेकीसाठी गाजलेला जपानी खेळाडू, व्हायचंय. त्याच्याकडून नेमकं काय उचलावं?

ठाणे_पूर्व
उलट्या पावलांनी मागे सरकणं आधी बंद करा. टाच अडकते आणि नजरही हलते. चेंडू उजव्या अंगाने मागे जात असेल तर उजवा पाय मागे टाकून कंबर वळवा आणि सरळ पळा. ग्लोव्ह शेवटच्या क्षणी वर न्या. हात वर धरून पळलं की वेग मरतो. अंदाज येत नसेल तरी पहिलं पाऊल मागेच. पुढे पडलेल्या चेंडूवर बहुतेकदा एकच बेस जातो, डोक्यावरून गेला तर दोन-तीन.

थ्रो वळतो तो बहुधा पकडीमुळे. क्रिकेटच्या सवयीने बोटं शिवणीच्या दिशेने ठेवली जातात. इथे पहिली दोन बोटं घोड्याच्या नालेच्या आकाराच्या शिवणीवर आडवी हवीत आणि हात खांद्यावरून यायला हवा. साइडआर्म, म्हणजे हात आडवा फिरवून, फेकलेला चेंडू टप्पा पडल्यावरही बाजूला पळतो.

नेरुळ_सॉफ्टबॉल
सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. क्रिकेटमध्ये कॅच झाला की चेंडू डेड. इथे दोनपेक्षा कमी आऊट असतील तर कॅचनंतर रनर बेसला पाय लावून पुढे पळू शकतो. म्हणून वेळ असेल तेव्हा चेंडूच्या दोन पावलं मागे थांबा, पुढे येत फेकणाऱ्या खांद्यासमोर कॅच घ्या, छोटी उडी मारून लगेच फेका. थ्रो कटऑफ खेळाडूच्या (वाटेत उभं राहून थ्रो अडवू शकणाऱ्या साथीदाराच्या) डोक्याच्या उंचीने जाऊ द्या. तो उंच गेला की मागचा रनरही एक बेस चोरतो.

इचिरोचं बघायचं तर ११ एप्रिल २००१ चा अमेरिकेतल्या ओकलंडमधला थ्रो बघा. सिंगलवर (बॅटर पहिल्या बेसपर्यंत पोचतो असा फटका) पहिल्या बेसवरून तिसऱ्याकडे निघालेला टेरेन्स लाँग त्याने राइट फिल्डमधून थेट फेकीवर आऊट केला. मेजर लीगमधलं, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगमधलं, इचिरोचं ते पहिलंच वर्ष. त्याच मोसमात रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) आणि एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) दोन्ही मिळाले. पुढे २०१० पर्यंत सलग १० गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम फिल्डिंगचे पुरस्कार. शाळेत तो पिचर (बॅटरकडे चेंडू फेकणारा) होता, हे त्या हातात दिसतं.

ठाणे_पूर्व
मुलांचे खांदे मात्र सांभाळा. सुरुवात दोन बेसमधल्या अंतराने, म्हणजे २७.४३ मीटरने. तिथे चेंडू सरळ जायला लागल्यावरच अंतर वाढवा.

खारघर_राइटफिल्ड
पकड तपासली. दोघांची बोटं शिवणीच्या दिशेनेच आहेत. रविवारी २७ मीटरपासून सुरू करतो.