आठवी-नववीत आठवणी लिहायची कार्यशाळा: पाहिजे का नको?

चिखलीकर: पोरीच्या शाळेत पालकसभेला विषय निघाला, आठवी-नववीला आठवणी लिहायची कार्यशाळा ठेवायची, आठवड्याला एक तास, मार्क नाहीत. निम्मे पालक म्हणाले दहावीचं बघा आधी. माझं मत, ठेवायलाच पाहिजे. 2019 च्या पुरात कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 55 फुटांवर गेलं, धोका पातळी 43 ची, आमच्या चिखलीत माणसं बोटीतनं काढली. पोरगी तेव्हा सात वर्षांची. परवा सहज विचारलं काय आठवतंय, तर म्हणाली आज्जीनं म्हशीचं दावं कापलं आणि तुटका तुकडा बोटीत मुठीत धरूनच बसली होती, कुणी मागितला तरी देईना. मी त्याच बोटीत होतो ओ, मला दिसलं नाही. आणि हीच पोरगी निबंधात लिहिते 'पूर ही एक नैसर्गिक आपत्ती आहे'. गाईडमधलं वाक्य.

कागलचा गडी: पटत नाही भावा. लेखक आनंद यादव आमच्या कागलचे, त्यांची स्वतःच्या आयुष्यावरची कादंबरी 'झोंबी' आली 1987 ला, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली. शाळेसाठी बापाशी केलेली झटापट कागदावर यायला एवढी वर्षं गेली. तेरा वर्षांच्या पोराला ते दुखणं उकरायला लावायचं कशाला, मुरू दे की.

चिखलीकर: मुरायला आधी ध्यानात तर राहायला पाहिजे. आज्जी गेल्या वर्षी गेली, आता ते दावं फक्त पोरीच्या डोक्यात आहे.

मराठीच्या बाई: मी शिकवते, माझा विरोध आहे आणि कारण सांगते. सातवीत सरांनी 'माझे वडील' लिहायला दिलं, मी खरं लिहिलं, वडील पिऊन येतात, आई खानावळीत भाकऱ्या थापते. सरांनी कौतुकानं वर्गात मोठ्यानं वाचलं. मधल्या सुट्टीत पोरांनी 'भाकरी' नाव पाडलं ते दहावीपर्यंत. सर वाईट नव्हते हो, पण त्यानंतर मी घरातलं अक्षरही लिहिलं नाही. आणि एखाद्या पोरीनं अत्याचाराचं लिहिलं तर? 2012 च्या पॉक्सो कायद्यानं मला ते पोलिसांना कळवावंच लागतं. मग त्या पोरीला जवळ घेऊन काय बोलायचं हे आम्हाला कुणी शिकवलंय? साठ पोरांच्या वर्गात?

चिखलीकर: बाई, वाचून गलबललं. पण चूक लिहिण्यात नव्हती, वाचून दाखवण्यात होती. वही पोराकडंच राहू दे, दाखवायची सक्ती नको.

मराठीच्या बाई: मग न वाचता मी शिकवू काय?

रंकाळ्यावरनं: घरातल्या वस्तूवरनं सुरू करा की, आजोबांची वहाण, चुलीची फुकणी, आज्जीला विचारून लिहायचं. आमच्यात गुऱ्हाळाची काहिल पडून आहे, तिच्यावर कुणी लिहिलं तर अख्खं घर बोलायला लागंल. बापाच्या दारूवर पहिल्याच दिवशी जायची गरज नाही.

मराठीच्या बाई: वस्तूवरनं चालेल, ते मी वर्गात करीन. पण 'कार्यशाळा' म्हणून दोन दिवस बाहेरचा माणूस आणायचा, पोरं रडवायची, फोटो काढायचे, याला माझा आजही नकारच. तो जातो निघून, सोमवारी त्या पोरांसमोर मी असते. आधी शिक्षकांना शिकवा, समुपदेशक नेमा.

चिखलीकर: हे मान्य. पुढच्या सभेत आधी समुपदेशकाचंच मागतो. पोरीला मात्र मी वही आणून दिलीय, दाव्याचं तिनं लिहिलंय, मी अजून उघडली नाही.