शेततळ्यातले मासे मरतायत, औषध सांगा (अर्जंट)

काळीमाती | सकाळी ७.४०
शेततळ्यात मासे मरतायत. काल थोडे होते, आज घमेलं भरून निघाले. त्यातही मोठेच मरतायत, चांगले पाव-पाव किलोचे. कोणतं औषध आणि किती टाकायचं तेवढंच सांगा. ज्याच्याकडून माशांचं बी (पिल्लं) घेतलं तो आता फोन उचलत नाही. आणि कृपा करून "पाणी बदला" सांगू नका, ते पाणी कांद्याचं आहे.

रिकामटेकडा | ८.०५
जिल्हा कुठला? मासे कुठले? तळं केवढं? पाण्याचा रंग? काहीच न सांगता औषध मागताय, हे म्हणजे डॉक्टरला फोनवर "दुखतंय, गोळी सांगा" म्हटल्यासारखं झालं.

काळीमाती | ८.१२
नगर जिल्हा. मासे नेहमीचेच, कटला रोहू मृगळ. तळं योजनेतलं, अस्तर आहे. पाणी हिरवं आहे, मग तळ्याचं पाणी हिरवंच असतं ना? आता औषध सांगा.

डाळिंबवाला | ८.३०
शेजारी फवारणी झाली असणार. आमच्या भागात एकाने पंप तळ्यात धुतला आणि सगळं तळं उलटं झालं होतं. पाण्याचा नमुना घ्या, पंचनामा करा, सोडू नका.

शिंपला | ८.४१
दादा, पंचनाम्याच्या आधी दोन गोष्टी बघा. बेडूक आणि पाण्यावरचे किडे जिवंत आहेत का? आणि मासे दिवसभर मरतात की फक्त सकाळीच मेलेले दिसतात? विष असेल तर लहान-मोठं काही बघत नाही, किडेही जातात. मोठे आधी, तेही पहाटे, म्हणजे प्राणवायू संपतोय. मेलेल्या कटल्याचं तोंड उघडं राहिलंय का?

काळीमाती | ८.५५
बेडूक ओरडतायत मजेत. तोंडं उघडी आहेत. पहाटे गेलो तर सगळे वर येऊन तोंड मारत होते, मला वाटलं भूक लागली म्हणून पेंड टाकली.

शिंपला | ९.०२
पेंड आजपासून बंद. कोंबडीखत टाकत असाल तर तेही बंद. ती भूक नाही, वरच्या थरात जो थोडा प्राणवायू असतो तो घ्यायची धडपड आहे.

निळाई | ९.२०
एवढं कशाला? मोरचूद टाका. शेवाळ जातं, पाणी आरशासारखं. मी दरवर्षी टाकतो.

शिंपला | ९.३१
तुमच्या तळ्यात मासे आहेत का? हे हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं आणि रात्री माशांबरोबर तेही श्वास घेतं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. मोरचुदाने ते एकदम मेलं की कुजायला लागतं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही जातो. शिवाय तांबं माशांनाही विषारीच.

निळाई | ९.३८
माझ्या तळ्यात मासे नाहीत, ठिबक आहे. पण शेवाळ तेच ना.

रिकामटेकडा | ९.४५
धाग्याचं नाव वाचत चला हो.

बायोफ्लॉकगुरू | १०.१०
मूळ दुखणं पद्धतीत आहे. शेततळं सोडा, बायोफ्लॉक टाकी करा, म्हणजे सतत हवा देऊन माशांची घाण जिवाणूंकडून पचवून घेणारी टाकी. कमी जागेत दसपट मासे. माहिती हवी असल्यास व्यनि (खासगी निरोप) करा.

शिंपला | १०.२२
बायोफ्लॉकला चोवीस तास हवा लागते, तासभर वीज गेली तरी धोका. यांच्याकडे पहाटेची वीज आहे का ते तरी विचारा. दादा, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) किती सोडली होती आणि तळं किती बाय किती?

काळीमाती | ११.०५
३० बाय ३०, खोली ३ मीटर. चार हजार सोडली. बीवाला म्हणाला एवढ्या पाण्यात आरामात बसतील, पाणी भरपूर आहे.

शिंपला | ११.२०
पाणी किती आहे याला फार अर्थ नाही, पाण्याचं तोंड केवढं आहे ते महत्त्वाचं. शेततळं पाणी साठवायला आणि बाष्पीभवन कमी व्हावं म्हणून खोल करतात. माशांना खोली नको, पसारा हवा, कारण हवा पृष्ठभागातूनच मिसळते. त्यात चारी बाजूंनी बांध, वारा पाण्यापर्यंत पोचत नाही. ३० बाय ३० म्हणजे ९०० चौरस मीटर, जेमतेम नऊ गुंठे. एरेटर (पाण्यात हवा मिसळायचं यंत्र) नसेल तर हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली धरतात. तुमच्या हिशेबाने साडेचारशे ते नऊशे.

काळीमाती | ११.२४
मग इतके महिने कसे जगले?

शिंपला | ११.४०
लहान होते. आता वजन वाढलं, हवा जास्त लागते. त्यात तुमच्याकडे सध्या ढगाळ असेल. ऊन नाही म्हणजे शेवाळ दिवसा प्राणवायू कमी बनवतं, रात्रीचा खर्च मात्र तेवढाच. आणि जोराचा पाऊस झाला का? गार पाऊस खाली बसतो आणि तळाचं, प्राणवायू नसलेलं घाण पाणी वर ढकलतो.

काळीमाती | ११.४३
परवा रात्री झोडपला.

खाडीकाठ | दुपारी १२.३०
हे समुद्रातही होतं बरं का. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरखाली हजारेक मीटरपर्यंत प्राणवायू नसल्यासारखाच पाण्याचा पट्टा आहे. पावसाळ्यात खालचं पाणी वर येतं, पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ भागात पसरतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर तळाला मासळी टिकत नाही. गोव्याच्या दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, त्यांनी यावर बरंच काम केलंय.

रिकामटेकडा | १२.४१
म्हणून पापलेट महाग का?

खाडीकाठ | १२.५०
पापलेटचं कारण वेगळं. बारीक आसाची (छिद्रांची) जाळी लावून पिल्लं उचलतात. १ जूनपासून ६१ दिवस मासेमारीला बंदी असते, पण बंदी उठली की पहिल्या फेरीलाच बोटभर पिल्लं बाजारात येतात. यावर वेगळा धागा काढतो.

काळीमाती | १२.५८
माझे मासे मरतायत आणि तुम्ही पापलेट काय काढलंत? ताई, आज रात्री काय करू?

शिंपला | १.१०
पहाटे तीनपासून ऊन वर येईपर्यंत मोटर चालवा. त्याच तळ्याचं पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडायचं. फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढायचं तोंड) तळाशी ठेवू नका, हातभर खाली टांगा, नाहीतर तळाची घाण वर येईल. पाणी वाया जात नाही, कांदा सुरक्षित.

काळीमाती | १.१५
मोटर सौर आहे. पहाटे तीनला ऊन कुठून आणू?

डाळिंबवाला | १.२२
हे आधी सांगायचं ना राव. कृषी फीडरची वीज असती तरी रात्रपाळी दर आठवड्याला बदलते. डिझेल इंजिन बघा कोणाकडे.

चुनखडी | २.००
एकरी पन्नास किलो चुना मारा. आमच्या आजोबांपासून चालत आलंय.

शिंपला | २.१८
चुना मातीच्या, आम्ल तळ्यात ठीक. हिरव्या पाण्याचा सामू (पीएच) आधीच दुपारी नवाच्या आसपास जातो. तो आणखी चढला की माशांच्या विष्ठेतला अमोनिया जास्त विषारी होतो. सामू मोजल्याशिवाय नको.

चुनखडी | २.२५
आजोबांनी कधी सामू मोजला नव्हता आणि त्यांचे मासे कधी मेले नव्हते.

शिंपला | २.३३
आजोबांनी नऊ गुंठ्यांत चार हजार सोडले नसतील.

काळीमाती | दुसऱ्या दिवशी, सकाळी ९.०५
चुलत्यांचं इंजिन रात्रभर चालवलं. आज पाच-सहाच मेले. डिझेल मात्र परवडत नाही, रोज जमणार नाही.

शिंपला | ९.२०
निम्मे तरी मासे या आठवड्यात काढा. आभाळ मोकळं होईपर्यंत पेंड नाहीच. कोपरापर्यंत हात बुडवून बघा. तळवा दिसला तर ठीक, मनगटसुद्धा दिसत नसेल तर शेवाळ अजून जास्त आहे.

काळीमाती | ९.२६
मनगटच दिसत नाही. पण व्यापारी अर्ध्या किलोखालचा मासा घेत नाही. हे पाव किलोचे विकू कुठे?

डाळिंबवाला | ९.४०
आठवडी बाजारात जिवंत नेऊन विका. ड्रममध्ये पाणी अर्धंच भरा आणि माणूस सोबत ठेवा पाणी हलवायला.