ट्रक ट्रकला ओव्हरटेक करतो तेव्हा तुम्ही काय करता? मदत हवी आहे

द्रुतगती मार्गावर रोज जावं लागतं. एका गोष्टीने हैराण झाले आहे. पुढचा ट्रक इंडिकेटर देतो, दिला न दिला तोच लेनमध्ये घुसतो आणि शेजारच्या ट्रकला इंच इंच करत मागे टाकायला लागतो. मी शंभरवरून एकदम ऐंशीला. आरशात बघावं तर मागच्या गाडीचे दिवे डोक्यावर.

काल रागाच्या भरात हिशोब मांडला. एक ७८ ने, दुसरा ८० ने. फरक ताशी फक्त २ किलोमीटर. दोन्ही ट्रकची लांबी आणि पुढचं-मागचं अंतर धरून ८० मीटर कापायचे, म्हणजे जवळजवळ अडीच मिनिटं आणि सव्वातीन किलोमीटर रस्ता! स्पीड गव्हर्नर (ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणारं यंत्र) असेल तर बिचारा ड्रायव्हर तरी वेग कुठून वाढवणार? चढावर एकदा वेग गेला की भरलेल्या गाडीला तो परत मिळवायला वेळ लागतो, हेही कळतं. पण मग शेजारच्याने दोन क्षण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर काय बिघडतं?

माझे प्रश्न असे: मागचा चिकटून डिपर मारत असताना पुढच्या ट्रकपासून तीन सेकंदांचं अंतर कसं राखता? मी राखलं की कुणीतरी चुकीच्या बाजूने येऊन त्यात शिरतं. आणि ट्रक बाहेर येणार हे आधी कशावरून ओळखता? कुणी स्वतः ट्रक चालवत असेल तर त्यांनी नक्की सांगा.